आपल्या कच्च्या वाटा आणि सायकल

 

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बचत गटाचं आणि सायकलीचं काय नातं? पण जरा ऐका. अजिंठा लेणी बघायला येणाऱ्यांमध्ये कधीमधी डोक्यावर हेल्मेट, पाठीला पिशवी अशी सायकलवाली मंडळीही असतात. ती आपल्याला विचारतात, "ही मातीची वाट कुठे जाते?" आपण लगेच सांगतो, "तिकडे जाऊ नका, रस्ता खराब आहे. डांबरीनं जा." त्यांना तर तोच रस्ता हवा असतो. ट्रकच्या गर्दीतून सुटून झाडीतून, नदीच्या काठानं, शेताच्या बांधाला धरून जाणारा. आपण ज्या वाटेनं सरपण आणतो, कापूस आणतो, ढोरं नेतो, त्या वाटेसाठी लोक लांबून येतात.

आज आम्ही या वाटांबद्दल बोलणार आहोत. आमचं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या वाटेच्या तीन गोष्टी आपल्याला नीट माहीत हव्यात. ती कशाची बनली आहे, ती कुणाची आहे आणि ती कोणत्या महिन्यात चालते. ही तीन उत्तरं जिच्याकडे आहेत, ती बाई पाहुण्याला वाट दाखवू शकते, त्यातून गटाला चार पैसे मिळवून देऊ शकते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या लेकीला त्याच वाटेनं शाळेत पाठवू शकते.

खडीवरची सायकल म्हणजे काय

इंग्रजीत खडी-मुरुमाला ग्रॅव्हल म्हणतात. म्हणून कच्च्या रस्त्यावरच्या या सायकलीला ग्रॅव्हल सायकलिंग असं नाव पडलं. डोंगरात उड्या मारत जाण्याचा खेळ वेगळा आणि गुळगुळीत डांबरीवर शर्यत लावण्याचा वेगळा. हा या दोन्हींच्या मधला प्रकार आहे. गावरस्ता, गाडीवाट, कालव्याच्या बाजूची वाट, जंगलखात्याचा रस्ता असं जोडत जोडत दिवसभर जायचं. आता याच्या मोठमोठ्या स्पर्धाही होतात. सायकलीच्या जागतिक संघटनेनं २०२२ मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत घेतली. त्यात बायकांची शर्यतही होती.

इटलीचीच एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. तिथं टस्कनी नावाचा डोंगराळ शेतीचा भाग आहे. तिथले जुने रस्ते पांढऱ्या खडीचे. हळूहळू त्यांच्यावर डांबर पडू लागलं. ते रस्ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये गायोले नावाच्या लहान गावातून जुन्या सायकलींची एक फेरी निघाली. तिचं नाव लेरोइका. पहिल्या वर्षी ९२ जण आले होते. आज दर ऑक्टोबरला हजारो लोक जगभरातून येतात. वाटेत थांबण्याच्या ठिकाणी त्यांना बाटलीबंद काही मिळत नाही, तर तिथलं रोजचं जेवण मिळतं: जाड पाव, भाज्यांचं घट्ट सूप, घरचं चीज. गावाची वाट आणि गावाचं जेवण, या दोनच गोष्टींवर ती फेरी उभी राहिली.

आपल्या फर्दापूरलाही हे काम नवं नाही. गावातली मुघल काळची सराय सगळ्यांनी बघितली आहे. अजिंठ्याचा घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर काफिले इथं मुक्काम करायचे. माणसाला जेवण, जनावराला पाणी आणि रात्रीचा आडोसा हे घाटाच्या पायथ्याशी मिळावं म्हणून ती बांधली. वाटसरूंच्या सोयीवर हे गाव पूर्वीपासून जगलं आहे. त्यातला वाटा आता बायांच्या हाती किती येतो, एवढाच प्रश्न आहे.

सायकल कोणती लागते

शहरातल्या मंडळींच्या ग्रॅव्हल सायकली महाग असतात. त्यांची किंमत ऐकून घाबरायला नको, कारण त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे टायरची रुंदी. डांबरी शर्यतीच्या सायकलीचं टायर २५ ते २८ मिलिमीटर असतं, बोटभर. ते खडीत रुततं, घसरतं. ग्रॅव्हल सायकलीचं टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचं. आता आपल्या घरची, आजोबांच्या काळची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं २८ गुणिले दीड. म्हणजे दीड इंच, जवळजवळ ३८ मिलिमीटर. दुधाचे कॅन, पिठाची गोणी आणि मागं एक माणूस घेऊन ती सायकल आयुष्यभर कच्च्या रस्त्यावरच चालली. म्हणजे नाव नवं असलं तरी हे काम आपल्या सायकलीच्या ओळखीचं आहे.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे टायर दगडासारखं टणक भरण्याची सवय आहे. कच्च्या वाटेवर तसं केलं तर चाक प्रत्येक खड्यावर उडतं, हात दुखतात आणि पकड सुटते. थोडी कमी हवा असली की टायर खड्याला पोटात घेतं आणि पुढे जातं. पण फार कमी ठेवली तर दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला दोन भोकं पडतात. अंगठ्यानं दाबून बघावं. जरासं दबलं पाहिजे, पण रिम हाताला लागता कामा नये. मागं ओझं असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त.

तिसरी गोष्ट गिअर. चढावर त्यांच्या सायकलीचं पायडल हलकं होतं, आपल्या एका गिअरच्या सायकलीचं होत नाही. म्हणून चढ लागला की आपण उतरून चालायचं. त्यात कमीपणा काही नाही. घाटात ढकलत नेलेली सायकलही उतारावर आपल्यालाच उपयोगी पडते.

आणि ब्रेक. हे मुलींना आवर्जून सांगा. खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस तोंडावर पडतो. आधीपासून वेग कमी ठेवायचा, मागचा ब्रेक धरायचा आणि पुढचा हलक्या हातानं लावायचा. वळणावर ब्रेक लावायचा नाही, वळणाच्या आधी लावायचा.

वाट कशाची आहे

आपला सगळा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा. तोच खडक झिजला की मुरूम होतो आणि आणखी झिजून साचला की काळी माती. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याला मुरूम आणि नदीच्या बाजूला काळी, असा साधारण हिशेब लागतो.

मुरुमाची दबलेली वाट सायकलीला सगळ्यात चांगली. पाऊस पडून गेला की पाणी मुरतं आणि वाट काही तासांत चालण्याजोगी होते. नुसती खडी टाकून ठेवलेला, रोलर न फिरवलेला रस्ता सगळ्यात वाईट. तिथं बाजूच्या पायवाटेनं जावं. काळ्या मातीची वाट उन्हाळ्यात कडक आणि भेगाळलेली असते. पावसात तीच वाट चाकाला अशी चिकटते, की चाक आणि मडगार्ड यांच्यात माती भरून सायकल जागची हलत नाही. मग काडीनं माती काढत बसा. नदीपात्रात गोटे आणि वाळू असते. तिथं चालवायचा हट्ट धरू नये, सायकल उचलून न्यावी.

बैलगाडी आणि ट्रॅक्टरनं पडलेली चाकोरी तर तुम्हाला माहीतच आहे. खोल चाकोरीत सायकलीचं चाक गेलं की बाहेर काढताना माणूस पडतो. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंच पट्ट्यावरून जायचं. त्या पट्ट्यावर गवत असतं आणि गवतात सराटा असतो. शेळ्यांच्या पायात रुततो तोच सराटा. जगभरचे सायकलवाले त्याच्या नावानं बोटं मोडतात. शिवाय बोरी-बाभळीचे काटे आहेतच. कुंपणाच्या फांद्या तोडून वाटेवर टाकल्या, की तिथं पंक्चर ठरलेलं.

वाट कुणाची आहे

हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण भांडणं इथंच होतात.

वाटेचे ढोबळ चार प्रकार. पहिला, सरकारी गावरस्ता. तिथं कुणालाही जाता येतं. दुसरा, शिवरस्ता आणि पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून किंवा शेतांमधून जाणारी पूर्वापार वाट. तिसरा, बांधावरून जाण्याचा हक्क. तो त्या शेतकऱ्यांना आपल्या शेतात जाण्यापुरता असतो. पाहुण्यांना तिथून न्यायचं तर शेताच्या मालकाला विचारलंच पाहिजे. चौथा, जंगलातला रस्ता. तो वनखात्याचा.

गावचा नकाशा तलाठी कार्यालयात बघायला मिळतो. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कलही मिळते. नकाशावर पायवाट एका तुटक रेघेनं आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते. गटाच्या बैठकीत तो नकाशा मांडून बसा. नकाशावर वाट आहे पण जागेवर दोन्हीकडून नांगरट होत होत ती पायाएवढी उरली आहे, असं बऱ्याच गावांत दिसतं. त्याचा भार बाईच्या डोक्यावर येतो. वाट बंद झाली की बैलगाडी जात नाही, आणि कापसाचा बोजा रस्त्यापर्यंत डोक्यावरून न्यावा लागतो. पावसाळ्यात दुखणाईताला बाहेर काढायचं तर झोळी करावी लागते.

त्यावर कायद्यात सोय आहे. चालू असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. शिवाय २०२१ मध्ये राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. त्यात रोजगार हमीच्या जोडीनं पाणंदींची कामं धरता येतात. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडावा लागतो आणि ग्रामसभेला बायांनी जावं लागतं. वापरात असलेली वाट सहजासहजी कुणी गिळत नाही. जिच्यावरून रोज मुली सायकलनं शाळेत जातात, ती वाट नांगरायला माणूस दहा वेळा विचार करतो.

जंगलाचं वेगळं आहे. कन्नड-चाळीसगावकडचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आपल्या जवळच्या साध्या जंगलातही वनरक्षकाला सांगितल्याशिवाय पाहुण्यांना नेऊ नका. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर आधी तिच्यात बोला. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर आणि रोही या डोंगररांगेत आहेत. पहाटे अंधारात आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर जंगलातली वाट त्यांची, असं समजून चालायचं.

वाट कधी चालते

जून ते सप्टेंबर डोंगर हिरवा असतो, लेण्यांजवळचं सातकुंड वाहतं, सगळ्यांना यावंसं वाटतं. पण नदीकाठच्या काळ्या मातीच्या वाटा या दिवसांत बंद समजा. वाघूर डोंगरात उगम पावते, त्यामुळे वर पाऊस झाला की इथं ऊन असतानाही फरशीवर पाणी येऊ शकतं. फरशीवरून पाणी वाहत असेल तर सायकल घालायची नाही, पायीही जायचं नाही. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी त्याचा जोर दिसत नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. वाटा वाळलेल्या, नदीला थोडं पाणी, हवा थंड. हेच दिवस कापूस वेचणीचे आहेत, हे आपण विसरायचं नाही. घरचं काम, वेचणी आणि पाहुणे एकदम अंगावर आले तर बाईच मोडते. म्हणून पाळ्या लावूनच हे काम घ्यावं.

मार्चमध्ये पानगळ होते, पळस फुलतो. त्यानंतर ऊन तापतं. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर कुणाला वाटेवर पाठवू नये. जंगलात वणव्याची भीती असते. बिडी-काडी, चूल, काही नाही.

आपल्या भागातल्या तीन वाटा

पहिली, नदीची वाट. वाघूर लेण्यांच्या दरीतून बाहेर पडते आणि उत्तरेला वाकोदकडे जाते, पुढे तापीला मिळते. या बाजूला जमीन सपाट होत जाते. शेतांमधल्या गाडीवाटा, कापूस, मका, पुढे केळी. नवशिक्या मुलींसाठी, लहान मुलं बरोबर असतील तर हीच बाजू बरी.

दुसरी, पायथ्याची वाट. फर्दापूरहून पश्चिमेला सोयगावकडे जाताना डावीकडे अजिंठ्याची डोंगररांग सतत सोबत असते. साग, सालई, पळस, खैर, सीताफळाच्या झुडपांचे उतार, मधून तांडे. सोयगावच्या बाजूला रुद्रेश्वर लेणी आहेत, वेताळवाडीचा किल्ला आहे, जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणी आहेत. लेणी म्हटलं की लोकांना एकच ठिकाण माहीत असतं. हे बाकीचं दाखवायला आपल्याच भागातली माणसं लागतात.

तिसरी, घाटाची वाट. डोंगरावरच्या पठाराची हवा, शेती आणि बोलीही वेगळी. अजिंठा घाटाच्या मोठ्या रस्त्यावर ट्रक फार. तिथं सायकलवर कुणाला पाठवू नका. हळदा गावाकडून वेताळवाडीकडे उतरणारा घाट किल्ल्याच्या अंगानं येतो. सायकलवाल्यांना तो आवडतो, पण ज्याचे ब्रेक चांगले आहेत आणि ज्याला उतारावर हात आवरता येतो, त्यानंच जावं.

लेण्यांचंही सांगतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली आणि १९८३ पासून ती जागतिक वारसा आहेत. खासगी वाहनं टी-पॉइंटलाच थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर बसनं जावं लागतं. सोमवारी लेणी बंद असतात. सायकलवाल्या पाहुण्याला सायकल ठेवायला भरवशाची जागा हवी असते. ती जागा देणं हेही एक काम आहे.

गटाला यात काय मिळतं

आता हिशेब. तोंडाला पाणी सुटेल असे आकडे आम्ही सांगणार नाही.

समजा, एका रविवारी दहा जण जेवायला आले. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वरण-भात, ताक. ताटाचे १५० रुपये धरले तर १५०० जमा. पीठ, भाजी, तेल, डाळ, गॅस मिळून ८०० खर्च. उरले ७००. दोन बायांची अर्ध्या दिवसाची मजुरी ३०० प्रमाणे ६००. गटाच्या खात्यात १००. असे हंगामाचे वीस रविवार मिळाले तर दोघींना मिळून १२,००० रुपये आणि गटाला २,०००. रोज चूल पेटेल एवढं हे नाही. वहीचा, दवाखान्याचा, गाडीभाड्याचा खर्च निघेल एवढं आहे.

म्हणून पहिली गोष्ट, यासाठी कर्ज काढून खोली बांधायला घेऊ नका. जे घरात आहे त्यावर सुरू करा. स्वच्छ पाणी, स्वच्छ संडास, सावली आणि गरम जेवण. संडास आधी बघा, कारण बाई सायकलस्वार तो असेल तिथंच थांबते. पैसे घेऊन जेवण द्यायचं तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्या. काम दोन हंगाम टिकलं आणि वाढवायचं ठरलं, तर मग योजनांकडे बघा. राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ चं 'आई' धोरण बायांच्या पर्यटन व्यवसायासाठी आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची तरतूद आहे. अटी नीट वाचून, ग्रामसंघात चर्चा करून मगच अर्ज करा.

दुसरं काम पंक्चरचं. ते शिकायला एक दुपार पुरते. टायर रिमच्या बाहेर काढायचं, ट्यूब थोडी फुगवून पाण्यात धरायची, बुडबुडे येतील तिथं खूण करायची. कोरडं करून घासपेपरनं घासायचं, सोल्यूशन लावून दोन-चार मिनिटं वाळू द्यायचं आणि मग ठिगळ दाबायचं. ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून बोटानं जपून चाचपायचं, कारण काटा तिथंच राहिला असेल तर दहा पावलांवर पुन्हा पंक्चर. शहरातल्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. आपला पंप त्याला बसत नाही. एक लहान पितळी अडॅप्टर मिळतो, तो पंपाला बांधून ठेवा. काहींच्या टायरात ट्यूबच नसते, पांढरं दुधासारखं औषध असतं. ते बाहेर आलं तर घाबरू नका. ते भोक आपोआप बुजवण्यासाठीच असतं.

तिसरं काम वाट दाखवण्याचं. ज्या वाटेनं पाठवणार, त्या वाटेनं आधी आठवड्यात कुणीतरी जाऊन आलेलं असावं. पाणी कुठे, सावली कुठे, मोबाइलला रेंज कुठे नाही, हे कागदावर लिहा. माणसांची नावं आणि निघाल्याची वेळ वहीत घ्या, आणि किती वाजेपर्यंत यायला हवेत ते ठरवा. कच्च्या वाटेवर तासाला दहा-बारा किलोमीटरच धरा. नंबर भिंतीवर लिहून ठेवा: रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, वनखात्याला १९२६. पाहुण्यांचे नियमही सुरुवातीलाच सांगा. कचरा परत न्यायचा, शेतात शिरायचं नाही, ढोरांच्या कळपातून घंटी वाजवत जायचं नाही, आणि काम करणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

आधी आपली सायकल

आता शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पाहुणे येतील न येतील. वाट तर आपलीच आहे. त्या वाटेवर आपल्या बाया आणि मुली सायकलवर दिसतात का?

तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१-९२ च्या सुमाराला तिथं साक्षरतेची मोहीम चालली होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत या होत्या. लिहा-वाचायला शिकवण्याबरोबर बायांना सायकल शिकवायचं ठरलं. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका हजारोंनी शिकल्या. आधी टिंगल झाली. मग बाया पाणी, भाजीपाला, पोरं सायकलवर नेऊ लागल्या. बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला आणि टिंगल बंद झाली.

बिहारमध्ये २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्या वयाच्या मुलींचं शाळेत नाव असण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुला-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. जिथं शाळा लांब होती, तिथं फरक जास्त पडला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची सोय आहे. आपल्या शाळेत ती लागू आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. सायकल आली पण वाट अडवलेली असेल किंवा चिखलाची असेल, तर ती सायकल ओसरीत उभी राहते आणि तिच्यावर भाऊ फिरतो. म्हणून वाटेचा आणि सायकलीचा प्रश्न एकत्रच सोडवावा लागतो.

मोठ्या बायांनीही शिकायला हरकत नाही. सीट इतकं खाली करा, की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पहिले दोन दिवस पायडल मारायचंच नाही. हलक्या उतारावर पायानं ढकलत तोल सांभाळायचा. पदर खोचून घ्या, ओढणी कमरेला बांधा, चेनवर झाकण असलेली सायकल घ्या. शिकवताना मागून कॅरिअर धरणारी दुसरी बाईच असावी.

तर बायांनो, पुढच्या बैठकीसाठी एक काम. तुमच्या गावातून शाळेकडे, बाजाराकडे आणि नदीकडे जाणाऱ्या तीन वाटा निवडा. दोघी-तिघींनी प्रत्येक वाटेनं पायी जाऊन या. कुठं मुरूम, कुठं काळी, कुठं अडवणूक, कुठं पाणी, ते वहीत लिहा आणि गावनकाशाशी ताडून बघा. वही बैठकीला घेऊन या. ज्या वाटा अडलेल्या आहेत, त्यांचा अर्ज आपण एकत्र बसून लिहू. ज्या वाटा मोकळ्या आहेत, त्यांच्यावर मुलींना सायकल शिकवायला कोण कोण तयार आहे, ती नावंही त्याच वेळी घेऊ.